‘ठो!’ झाल्यावर पुढे काय?

डिसेंबर २०२३. पनवेलच्या मॉलमधलं थिएटर, ‘अ‍ॅनिमल’चा रात्रीचा शो. पडद्यावर फ्रेडी झालेले आपले उपेंद्र लिमये, ती ट्रकएवढी वाटणारी मशीनगन आणि त्या सगळ्या धुमश्चक्रीत वाजणारं ‘डॉल्बीवाल्या’. थिएटरमध्ये नुसत्या शिट्ट्या. खोटं कशाला बोलू? त्यातली एक शिट्टी माझी होती.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर बाजारात गेले. एका सराफाच्या दुकानाबाहेर गनमॅन काका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर आडवी दुनळी बंदूक. मी त्यांच्यासमोरून शेकडो वेळा गेले असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा थांबून बंदुकीकडे नीट बघितलं. लाकडी दस्ता हात लागून लागून गुळगुळीत झालेला, पट्टा एका ठिकाणी शिवलेला. कालच्या त्या पडद्यावरच्या तोफेपुढे ही अगदीच बिचारी वाटली. आणि तरी गंमत बघा, काल शिट्टी मारली आणि आज नकळत दोन पावलं मागे सरकले.

हा लेख त्या दोन पावलांबद्दल आहे.

इंटर्नशिपला लागल्यावर ‘सिनेमातल्या बंदुका आणि खऱ्या बंदुका’ असा विषय मी स्वतःच मागून घेतला. तेव्हा डोक्यात एकच होतं, मस्त लिस्ट करायची. टर्मिनेटर, मॅड मॅक्स, मिर्झापूर, झालंच तर आपले ‘शॉटगन’ शत्रुघ्न सिन्हा. लिस्ट बाजूला राहिली, कारण मधल्या काळात आमच्याच घरात एका बंदुकीचा प्रश्न आला. ते सांगतेच. पण त्याआधी ही ‘बारा बोअर’ म्हणजे काय भानगड आहे ते समजून घेऊ. मलाही माहीत नव्हतं.

बारा म्हणजे बारा काय?

मला वाटायचं बारा मिलिमीटर. चूक. हिशोब जुना आणि उलटा आहे. एक पाउंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम शिसं घ्यायचं. त्याचे सारखे बारा गोळे करायचे. त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. दहा गोळे केले तर प्रत्येक गोळा मोठा होणार, म्हणून दहा बोअरची नळी बारापेक्षा रुंद. आठची त्याहून रुंद. आणि चार बोअर? एकेक गोळा पाव पाउंडाचा, नळीचं तोंड जवळजवळ दहा रुपयांच्या नाण्याएवढं. आकडा जितका लहान तितकी बंदूक मोठी, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

चार बोअरच्या बंदुका खरोखर होत्या. एकोणिसाव्या शतकात हत्तींच्या मागे लागलेले इंग्रज शिकारी त्या वापरायचे. सॅम्युअल बेकर नावाचा एक प्रसिद्ध शिकारी होता. त्याच्याकडे तर अर्ध्या पाउंडाचा गोळा उडवणारी बंदूक होती, तिचं लाडाचं नाव ‘बेबी’. या बेबीचा धक्का एवढा की धिप्पाड बेकर स्वतः गरकन फिरायचा, आणि ती चालवायला आपल्याला भीती वाटायची हे त्यानेच लिहून ठेवलंय. हत्तीसमोर उभा राहणारा माणूस स्वतःच्या बंदुकीला घाबरायचा! आपल्या हिरोंना हे कोणी सांगत नाही.

पक्ष्यांसाठी मात्र छर्ऱ्यांची बंदूक. एका काडतुसात बारीक छर्रे भरलेले, एका बारात थवा खाली. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. हा आकडा तिथे दगडावर कोरून ठेवलाय, तेव्हा अभिमानाने कोरला होता. आज तीच जागा राष्ट्रीय उद्यान आहे आणि लोक तो दगड वाचून गप्प होतात. आकडा तोच, वाचणारे बदलले.

आज आपल्याकडे दिसते ती मुख्यतः बारा बोअर. बँकेबाहेर, सराफाबाहेर, एटीएमच्या कॅश व्हॅनमध्ये आणि कोकणातल्या शेतकऱ्याच्या घरात. तिची काडतुसं आपल्या पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. म्हणजे विषय काही हॉलिवूडचा नाही, घरचाच आहे.

पडद्यावरचं फिजिक्स

सिनेमात शॉटगन चालली की समोरचा माणूस हवेत उडतो, काच फोडून पलीकडे पडतो. दहावीचं फिजिक्स काढू. बारा बोअरच्या एका काडतुसात साधारण ३२ ग्रॅम छर्रे, वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. गुणाकार केला की संवेग येतो १२.८. हा सगळाच्या सगळा ७० किलोच्या माणसाला मिळाला तरी त्याचा वेग होतो सेकंदाला १८ सेंटीमीटर. गर्दीच्या लोकलमध्ये यापेक्षा जोरात धक्का बसतो. आणि न्यूटनचा तिसरा नियम आठवतो ना? जेवढा धक्का समोरच्याला तेवढाच चालवणाऱ्याच्या खांद्याला. समोरचा काचेतून उडणार असेल तर हिरोनेही मागच्या भिंतीत जायला हवं.

खरा माणूस उडत नाही. खाली कोसळतो, आणि बऱ्याचदा लगेच मरत नाही. म्हणून तर सिनेमा त्याला काचेतून पलीकडे पाठवतो. तो आपल्या नजरेआड गेला की सीन संपला.

दुसरं, छर्रे म्हणजे झाडूसारखं समोरचं सगळं साफ, असंही नाही. खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला मारलं तर छर्रे तळहाताएवढ्या जागेत एकत्र लागतात. नेम धरावाच लागतो. उलट ३५-४० मीटरच्या पुढे बारीक छर्ऱ्यांचा जोर कमी होत जातो.

तिसरं, आवाज. बारा बोअरचा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे जातो. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. विसर्जनाच्या डीजेसमोर दोन तास उभं राहून आल्यावर कान कसे ‘सूंऽऽ’ करतात, आठवा. बंद खोलीत हा बार निघाल्यावर हिरो कुजबुजत डायलॉग मारतो आणि हिरॉइनला तो ऐकू येतो. कमाल आहे दोघांची.

चौथं म्हणजे आमच्या पिढीचा लाडका सीन. ‘टर्मिनेटर २’ (१९९१) मध्ये अरनॉल्ड मोटरसायकलवरून एका हाताने शॉटगन गोल फिरवून लोड करतो. ती बंदूक दहा बोअरची, विंचेस्टर कंपनीच्या १८८७ च्या मॉडेलची. तशी फिरवता यावी म्हणून शूटिंगसाठी तिचा लिव्हर मुद्दाम मोठा करून घेतला होता आणि नळी कापून आखूड केली होती. साधी बारा बोअर तीन किलोच्या आसपास असते. घरी तीन किलो तांदळाची पिशवी एका हातात घ्या, हात सरळ समोर धरा आणि मोबाइलवर एक मिनिट लावा. मी केलं. चाळीस सेकंदांत हात थरथरायला लागला.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, ‘ए बाई, सिनेमा आहे तो, एन्जॉय कर ना.’ मान्य. गाणं लागलं की स्वित्झर्लंडमध्ये पोहोचतात तेव्हा आपण व्हिसा विचारत नाही. माझी तक्रार फिजिक्सची नाहीच. माझी तक्रार अशी आहे की सिनेमाने बंदुकीला आवाज ठेवला, तिचं वजन तेवढं काढून टाकलं. किलोतलं वजन, कागदावरचं वजन आणि बार निघाल्यानंतर जन्मभर वागवायचं वजन. हे तिसरं मला घरात कळलं.

पनवेल ते माणगाव

आजोळ माझं माणगाव तालुक्यात. पनवेलहून एसटीने निघालं की पहिल्यांदा शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. मग कर्नाळा. सुळक्यावरून ओळखू येणारा किल्ला आणि पायथ्याचं पक्षी अभयारण्य. शाळेच्या सहलीत हे दोन्ही ‘पॉइंट’ आम्ही एका दिवसात उरकले होते. आता विचार केला की कळतं, बंदुकीच्या परवान्याची गोष्ट या रस्त्यापासून फार लांब नाही. १८७८ मध्ये इंग्रजांनी शस्त्र कायदा आणला. भारतीयाला बंदूक ठेवायची तर परवाना हवा, युरोपियनांना मात्र सूट. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, फडक्यांनी रामोश्यांना बरोबर घेऊन सशस्त्र बंड केलं. पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. त्यांच्यावर गजेंद्र अहिरे यांनी २००७ मध्ये सिनेमाही काढला. बंदूक कोणाच्या हातात असावी हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यापासून असा गंभीर आहे. त्यात स्वॅग नव्हता, सत्ता होती.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. परवाना राहिला, पण गोऱ्यांची सूट गेली. याच कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. माझ्या आजोबांकडे एकनळी बारा बोअर होती, रीतसर परवान्याची. भात पिकायला आलं की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धं शेत लोळवतो. खातात थोडं, तुडवतात जास्त. ज्याने चार महिने चिखलात काढलेत त्याला ते सकाळी बघताना काय होतं, हे मी आजोबांच्या चेहऱ्यावर बघितलंय. त्यामुळे ‘बंदूक म्हणजे वाईटच’ असं शहरात बसून म्हणायचं धाडस मी करणार नाही.

पण परवाना पीक राखायचा होता, शिकारीचा नाही. हा फरक गावातही बरेच जण विसरतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारता येत नाही, मग बंदुकीचा परवाना खिशात असला तरी. आजोबा माचीवर बसून हवेत बार काढायचे. डुकरं पळायची, बस. लहानपणी मला ते फारच फिकं वाटायचं. ‘आजोबा, मारत का नाही?’ असं मी विचारायची. ते म्हणायचे, ‘झोप आता.’

२०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. म्हणजे ऐन भात पिवळं पडलं होतं आणि बंदूक ठाण्यात. आजोबा खूप चिडले होते. निकाल लागला, पण तोवर ते अंथरुणाला खिळलेले. बंदूक आणायची राहिली आणि त्या थंडीतच ते गेले. बंदूक ठाण्यातच, घरी फक्त पावती.

परवानाधारक गेला की घरच्यांना ती बंदूक आपल्याकडे ठेवून घेता येत नाही. पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाला हवी असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. वय २१ पूर्ण हवं, पोलीस चौकशी होते, बंदूक सुरक्षितपणे हाताळायचं प्रशिक्षण लागतं. दिवसकार्य झाल्यावर ओटीवर हाच विषय निघाला. मामेभाऊ लगेच म्हणाला, ‘मी करतो अर्ज.’

दादा माझ्याहून वर्षाने मोठा. तळोज्याला कंपनीत आहे, शनिवार-रविवार गावी जातो. शेतात उतरल्याला त्याला तीन वर्षं झाली असतील. मामाने विचारलं, ‘तुला कशाला रे?’ दादा म्हणाला, ‘घरात बंदूक असली की वट असते, पप्पा.’ आणि मग माझ्याकडे बघून हसला, कारण त्याला माहीत होतं की मी त्याच्याच बाजूने बोलणार. सोळा वर्षांची असताना आजोबांची नजर चुकवून मी त्या बंदुकीबरोबर फोटो काढला होता. काळा गॉगल, खांद्यावर बंदूक, खाली कॅप्शन. दोनशेच्या वर लाइक आले होते. आजोबांचा परवाना यामुळे अडचणीत येऊ शकतो हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. फोटो काढणारा दादाच होता.

तेव्हा आजी बोलली. आजी सहसा अशा चर्चेत बोलत नाही.

आमच्या आजोळी शेजारी एक आबा आहेत. लंगडतात. आम्हा पोरांना ते कायम सांगायचे, ‘झाडावरून पडलो.’ कधी आंब्याच्या, कधी फणसाच्या. झाड बदलायचं म्हणून आम्ही हसायचो. आजीने सांगितलं की आबा कधीच कुठल्या झाडावरून पडले नव्हते. तीसेक वर्षांपूर्वी रात्री पाच-सहा जण डुकराच्या मागे रानात गेले होते. आजोबाही होते. करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं आणि त्यांच्यातल्याच एकाने ठासणीच्या, बिनपरवान्याच्या बंदुकीचा बार काढला. जाळीत डुक्कर नव्हतं, आबा होते. मांडी फाटली होती. आजोबांनी त्यांना पाठीवर घेऊन डांबरी सडकेपर्यंत आणलं, तिथून टेम्पोने दवाखान्यात. शिकार बेकायदा, बंदूक बेकायदा, मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की आबा झाडावरून पडले. ज्याने बार काढला तो पुढे गाव सोडून गेला.

‘त्या रातीपास्नं तुझ्या आजोबांनी जनावरावर बार काढला नाय,’ आजी म्हणाली. ‘आणि तुम्ही फोटू काढता.’

अशा बातम्या कोकणात अधूनमधून येतातच. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. ‘डुक्कर समजून गोळी झाडली, सोबत्याचा मृत्यू’. चार ओळींची बातमी असते, आतल्या पानावर. डेस्कवर बसल्यापासून मी अशा बातम्या वाचते तेव्हा मला कळतं की त्या चार ओळींच्या मागे एक आख्खं गाव खोटं बोलायला शिकलेलं असू शकतं.

कॅमेरा कुठे थांबतो

आता परत सिनेमाकडे. माझं म्हणणं असं नाही की सिनेमे बघून सगळे बंदूक उचलतात. मीच शेकडो बघितलेत. पण बार निघाल्याच्या क्षणी कॅमेरा नेहमी बंदूकवाल्याच्या चेहऱ्यावर राहतो. मागचं जाळीतलं कोणी दाखवत नाही. दादाला ‘वट’ हा शब्द गावाने दिला असेल, पण ती वट कशी दिसते, कशी चालते, गॉगल कुठला घालते, हे त्याला आणि मला पडद्याने शिकवलं.

दाखवता येत नाही असंही नाही. क्लिंट ईस्टवूडचा ‘अनफॉरगिव्हन’ (१९९२) बघा. बढाया मारणारा एक तरुण आयुष्यात पहिल्यांदा माणूस मारतो आणि नंतर झाडाखाली बसून रडतो. शेवटच्या सीनमध्ये दुनळी शॉटगन आहे, पण तिचा दुसरा बार चक्क फुसका निघतो. सिनेमा तरीही जबरदस्त आहे, ऑस्कर मिळालंय. म्हणजे वजन दाखवलं म्हणून मजा कमी होते हा गैरसमज आहे.

आणि जिथे हे वजन विसरलं जातं तिथे सिनेमाच्या सेटवरही माणूस मरतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘रस्ट’ या अमेरिकन चित्रपटाच्या सेटवर रिव्हॉल्व्हरमध्ये खरी गोळी राहिली होती. छायाचित्रकार हॅलिना हचिन्स त्यात गेल्या. तिथे नाटकातली बंदूक आणि खरी बंदूक यांच्यात फक्त एका गोळीचं अंतर होतं.

खऱ्या शॉटगनचा आपल्या देशातला सगळ्यांत अलीकडचा मोठा धडा काश्मीरचा आहे. जमाव पांगवायला तिथे पंप अ‍ॅक्शन बंदुकीतून बारीक छर्रे मारले जात होते. ‘पेलेट गन’ म्हटलं की खेळण्यातली वाटते, पण तीही बारा बोअरच. २०१६ च्या उन्हाळ्यात शेकडो जणांच्या डोळ्यांत ते छर्रे गेले, त्यात शाळकरी मुलंही होती. मुंबईचे नेत्रशल्यविशारद डॉ. एस. नटराजन यांनी श्रीनगरला जाऊन त्यातल्या अनेकांवर शस्त्रक्रिया केल्या. दगडफेक बरोबर की चूक, बंदोबस्त बरोबर की चूक, यावर तुमचं-माझं भांडण होऊ शकतं. पण छर्रे पसरतात तेव्हा ते कोण दोषी आणि कोण बघ्या हे विचारत नाहीत. ते त्या हत्याराच्या स्वभावातच आहे.

तुम्ही काय कराल?

थोडं कायद्याचं सांगते, कारण रील बनवणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. परवाना ज्याच्या नावावर आहे त्यालाच बंदूक बाळगता येते. भाऊ, मित्र, पुतण्या यांना नाही. सिनेमातल्यासारखी नळी कापून आखूड केलेली बंदूक आपल्याकडे मुळातच बेकायदा आहे, कापणं हाच गुन्हा. लग्नात, वाढदिवसाला, मिरवणुकीत निष्काळजीपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि ‘फक्त स्टोरी टाकली होती, चोवीस तासांत गेली असती’ हे पोलिसांना सांगून बघा.

पण मला भीतीने थांबायचं नाहीये, तुम्हालाही थांबवायचं नाहीये. मला त्या गनमॅन काकांसारखं थांबायचंय. लेखासाठी म्हणून मी त्यांच्याशी परत जाऊन बोलले. फौजेतून निवृत्त झालेले, सातारकडचे. बंदूक दुकानाची नाही, त्यांची स्वतःची. ‘बंदूक आहे म्हणून नोकरी आहे,’ म्हणाले. बारा तासांची ड्युटी, चहा दोनदा, खुर्ची मालकाने दिली तर. मी विचारलं, ‘काका, इथे कधी चालवावी लागली का?’

‘चालवायची वेळ आली तर माझं काम चुकलं म्हणायचं,’ ते म्हणाले. ‘माझं काम ती वेळ न येऊ देणं.’

मी बंदूक हातात मागितली. त्यांनी दिली नाही. फोटोही काढू दिला नाही. सोळाव्या वर्षी माझ्या जागी ते असते तर!

मराठीत आपण म्हणतो, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी मारणं. सिनेमा बघताना आपण नेमकं हेच करतो. बार आपल्याला हवा असतो, धक्का हिरोच्या खांद्याला, आणि तोही खोटा. अडीच तास ते चालतं, त्यासाठीच तिकीट काढतो आपण. घरी येताना तो खांदा थिएटरमध्येच ठेवून यायला हवा, एवढंच.

आमच्या ओटीवर मतदान झालं नाही, तशी आमच्याकडे पद्धत नाही. पण मामाने मला विचारलं, ‘तू शिकलेली, तू सांग.’ मी दादाच्या बाजूने बोलले नाही. म्हटलं, शेतात रात्र काढणार असेल त्याने अर्ज करावा. मामा स्वतः करणार असतील तर मी कागद भरून देते. वट म्हणून ठेवायची असेल तर नको. मामा म्हणाले, त्यांना नको, ते सौर कुंपणाचं बघतायत. मग बंदूक विक्रेत्याकडे देऊन टाकायची असं ठरत आलंय. पावती अजून आजीच्या डब्यात आहे, रेशन कार्डाच्या खाली. दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, पण टोमणे मारतो.

तो जुना फोटो मी डिलीट केला. आबांना भेटले तेव्हा काही बोलले नाही. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, ‘काय गं, नोकरी लागली का?’ आणि काठी टेकत पुढे गेले.

पुढच्या शुक्रवारी कुठला तरी सिनेमा लागेल. त्यात बंदूक असेलच. शिट्टी मारा, मीही मारेन. फक्त ‘ठो!’ झाल्यावर दोन सेकंद हिरोकडे बघू नका. जाळीकडे बघा. तिथे कोण होतं, एवढं स्वतःला विचारा.